संकल्पाचे पाणी

वडवणीच्या बाजारात ती वार्ता प्रथम फुटली, आणि पुढचा बाजार भरण्याच्या आत बालाघाटाच्या अंगाखांद्यावर वसलेली एकही वाडी अशी उरली नाही की जिच्या पारावर तिचा उच्चार झाला नाही. कडेवाडीचा धुळाजी धनगर महाशिवरात्रीला देवकड्यावरून उडी घेणार आणि शंभूच्या पायी विलीन होणार! लोकांनी बैलांच्या शिंगांना रंग लावले, गळ्यात घुंगुरमाळा बांधल्या, लेकीबाळींना सासरहून बोलावणी धाडली. निजामाच्या अमलात एवढ्या आडरानात असा सोहळा भरल्याचे कोणा वृद्धालाही आठवत नव्हते.

धर्मापुरीचे नरहरशास्त्री शिवरात्रीच्या सकाळीच बैलांची दमणी जुंपून निघाले होते. घाट चढताना मागून पुढून गाड्यांची रांग लागली होती. शास्त्रीबुवांची पगडी दिसताच गाडीवान बाजूला सरत, हात जोडत आणि मोठ्याने म्हणत, "मुहूर्त काढनारं बुवा ह्येच बरं का!" शास्त्रीबुवा मान किंचित लववीत. आयुष्यभर त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले होते, चार विद्यार्थ्यांना मंदिराच्या ओवरीत बसून शिकविले होते. पण लोक त्यांच्याकडे येत ते लग्नाची तिथी पाहण्यासाठी, नाही तर म्हैस हरवल्यावर प्रश्न विचारण्यासाठी. आज प्रथमच अवघा मुलूख त्यांच्या शब्दावर घाट चढत होता. त्यांच्या वृद्ध अंतःकरणात एक अनावर उल्हास दाटून आला होता, आणि तो केवळ भक्तीचाच आहे अशी त्यांची समजूत होती.

या साऱ्याचे मूळ गेल्या पावसाळ्यात होते. त्या वेळी कडेवाडीत गुरांना बुळकांडी लागली. सकाळी वैरण खाणारा बैल सायंकाळी पाय ताठ करून पडे. गोठ्यांमागून गोठे ओस पडले. तेव्हा एका सोमवारी गाव शंभूच्या देवळापुढे जमले आणि गावच्या हलगीवाल्या सटव्याने हलगीवर देवाची चाल धरली. त्या चालीवर धुळाजीच्या अंगात तरुणपणापासून वारे येत असे. ते त्या दिवशीही आले, आणि घुमता घुमता त्याच्या मुखातून शब्द निघाले, "गुरं राखतो! पर येत्या शिवरातीला माझं ह्ये झाड मला द्या. कड्यावरनं वाहा!" ज्याच्या अंगात देव येतो त्याला त्या भागात झाड म्हणतात. देवाने आपले झाडच मागून घेतले, असा त्याचा अर्थ सर्वांनी एकमुखाने लावला. वारे उतरल्यावर धुळाजीने नेहमीप्रमाणे तोंड पुसले आणि पाणी मागितले. आपण काय बोललो हे त्याला लोकांनी सांगितले. पुढे हिवाळा लागला, बुळकांडी ओसरली, आणि देवाने आपला शब्द पाळला तसा आपणही पाळला पाहिजे, असे गावाने ठरविले.

पाटील भगवानराव नारळ घेऊन धर्मापुरीस आले ते त्यानंतर. ओवरीत गुडघे टेकून त्यांनी विचारले, "बुवा, येळ कंची धरावी?" असे देहपतन कलियुगात वर्ज्य सांगितले आहे, हे शास्त्रीबुवांस ठाऊक नव्हते असे नाही. परंतु पाटलांनी 'करावे का' असे विचारलेच नव्हते. 'केव्हा' एवढेच विचारले होते. शास्त्रीबुवांनी पंचांग उघडले आणि शिवरात्रीच्या दिवसाचा चौथा प्रहर सांगितला. जेवढे विचारले तेवढ्याचे उत्तर दिले.

घाटमाथ्यावर पहिल्या वळणाला एक घोडा उभा होता. जवळच्या खडकावर धारूरचे पोलीस अमीन नबीखां बसले होते आणि त्यांचे मोजके जवान बाभळीच्या सावलीत पाणी पीत होते. दमणी दिसताच अमीन उठून आडवे आले.

"आदाब, शास्त्रीजी. तुमचीच वाट बघत हाय."

"आमची? ती कशासाठी, अमीनसाहेब?"

"सरकारच्या ताजीरातमधी, गुन्ह्याच्या कायद्यात, येक कलम हाय. जान देनारा तर निघून जातो, त्याला कोन बेडी घालनार? पन त्याला 'चढ बाबा, चढ' म्हननारा मागं राहतो. ते कलम त्या मागच्यासाठी हाय. कैद हाय त्यात."

शास्त्रीबुवांचा चेहरा आरक्त झाला. "मी कोणास चढ म्हटलेले नाही. मी केवळ वेळ सांगितली."

अमीन हसले, पण त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, थकवा होता. "हौ. पाटील बोलतो, म्या फकत मांडव घातला. हलगीवाला बोलतो, म्या फकत वाजवितो. बाया बोलतात, आमी फकत ओटी भरली. शास्त्रीजी, सगळ्यांनी थोडं थोडं केलं आन् बुढ्ढा मात्र पुरा मरनार. असा हिसाब तुमी कधी बघितला काय?"

"तर मग तुम्हीच त्यास अडवा. तुमच्याजवळ जवान आहेत, तलवार आहे."

"तलवार काडली की हे लोक बोलतील, मुसलमान अमीनानं आमचा देव अडवला. धक्काबुक्की होईल, आन् त्या रेट्यात सगळ्यात पैले बुढ्ढाच खाली जाईल." अमिनांनी दमणीच्या दांडीवर हात ठेवला. "वेळ तुमी दिली. वापस घ्यायची तर तुमीच घेऊ शकता. म्या कड्यावर उभा राहनार. ज्यानं ढकललं त्याचं नाव मला पायजे. मग तो पाटील असो की पंडित."

"हाक रे गाडी!" शास्त्रीबुवा गाडीवानावर गरजले. दमणी पुढे धावली. परंतु अमिनांचा हिशेब तिच्यातच बसून बरोबर आला.

कडेवाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. गुलालाने वाट लाल झाली होती. रेवड्यांचे ठेले, फुलांचे ढीग, शंख, झांजा. आणि त्या सगळ्या कोलाहलात धुळाजीच्या झोपडीपुढे दर्शनाची झुंबड! पाटलांनी काठी आडवी धरून शास्त्रीबुवांना वाट करून दिली. "सरा, सरा बे! बुवांना संकल्पाची तयारी करायची हाय. समदे भाईर व्हा!"

आत धुळाजी नव्या घोंगडीवर बसला होता. वाळक्या देहावर इतके हार पडले होते की मानेला ओझे झाले होते. पाया पडणाऱ्यांच्या गुलालाने त्याची पावले घोट्यापर्यंत लाल झाली होती. कोपऱ्यात त्याची बायको वच्छलाबाई बसली होती आणि तिच्यापुढे खणानारळांची रास होती.

लोक बाहेर गेले. दार लोटले गेले. धुळाजीने एकदा दाराकडे पाहिले, मग हळूच विचारले, "बुवा, येक इचारू? रागवू नगा."

"विचार."

"म्या खरंच तसं म्हनलो व्हतो का वो?"

"साऱ्या गावाने ऐकले आहे, धुळाजी."

"त्येच तर. समद्यांनी ऐकलं, येकट्या म्याच न्हाई ऐकलं."

शास्त्रीबुवा त्याच्यापुढे बसले. "तुला भय वाटते काय?"

धुळाजीने हारांतला एक झेंडू ओढला आणि त्याच्या पाकळ्या खुडू लागला. "भ्या वाटतंय म्हनलं तर द्येव खोटा पडतोय. न्हाई म्हनलं तर मी."

तेवढ्यात वच्छलाबाई पुढे सरकली. तिने पदर कपाळापर्यंत ओढला होता, पण आवाज उघडा होता. "बुवा, सकाळधरनं बाया माजी ओटी भरायल्यात. अहेव मरन ये म्हनून न्हाई, देवाला वाहिलेल्याची बायको म्हनून. दिस कलला की ह्याच हातानं माजं कुकू पुसत्याल. तुमच्या पोथीत ह्याला काय म्हनत्यात, त्येवडं सांगा."

पोथीत त्याला काय म्हणतात हे शास्त्रीबुवांस पूर्णपणे ठाऊक होते. करणारा, करविणारा आणि अनुमोदन देणारा हे तिघेही कर्माच्या फळाचे वाटेकरी, हे वचन त्यांनी ओवरीत विद्यार्थ्यांना किती वेळा पढविले होते! पण उदाहरण नेहमी यज्ञाचे दिले होते. यजमान, पुरोहित आणि साहाय्यक पुण्य कसे वाटून घेतात, याचे. पापही त्याच मापाने वाटले जाते, हे शिकविण्याचा प्रसंग आला नव्हता, की आला असून त्यांनीच तो टाळला होता? आणि भ्रमिष्ट, मत्त, भूताविष्ट मनुष्याने दिलेला शब्द बांधील नसतो, हेही त्याच ग्रंथांत होते. सगळे होते. पाटलांनी विचारले नव्हते म्हणून ते पोथीतच राहिले होते.

"बुवा, वाजंत्री आली!" बाहेरून पाटलांची हाक आली आणि दार धाडकन उघडले.

मग पुढचे सगळे पुराच्या लोंढ्यासारखे घडू लागले. लोकांनी धुळाजीला उचलले. शास्त्रीबुवांनी सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसला, हाती ताम्हन, पळी आणि पाण्याचा कलश घेतला आणि मिरवणुकीबरोबर निघाले. म्हणजे निघाले असे म्हणावयाचे. गर्दीनेच, त्यांच्या सोवळ्याला न शिवता, त्यांना वाहून नेले. "हर हर महादेव!"च्या गर्जनेने कडा दुमदुमत होता. झांजांचा नाद छातीत घुमत होता. आणि शास्त्रीबुवांच्या मनात त्या गजराच्या वर एकच विचार ओरडत होता, की आता संकल्प कोण सांगणार? मीच! आपल्याकडे संकल्पाची रीतच अशी आहे. पुरोहिताने एकेक शब्द सांगायचा, यजमानाने उजव्या तळहातावर पाणी घेऊन तो शब्द उच्चारायचा, आणि अखेरीस 'करीन' म्हणून ते पाणी ताम्हनात सोडायचे. पाणी सुटले की मनुष्य बांधला गेला. धुळाजीच्या तोंडून जे निघणार होते ते आधी नरहरशास्त्र्याच्या तोंडून निघणार होते!

देवकड्याच्या टोकाशी जमीन एकाएकी संपते. खाली दरीत साग आणि धावड्याचे शेंडे दिसतात, आणि घारी माणसाच्या पायांखालून फिरतात. टोकापासून थोड्या अंतरावर पाटलांनी मांडव घातला होता. एका बाजूस अमीन नबीखां हात बांधून उभे होते. दुसऱ्या बाजूस, रिवाजाप्रमाणे जरा दूर, सटवा हलगी शेकून तयार होता.

"वाजीव, सटव्या!" पाटील ओरडले.

हलगी कडाडली. तीच चाल! धुळाजीची मान एका अंगास झुकली, खांदे थरथरू लागले, डोळे वर चढले. बायांनी लाह्या उधळल्या. तो घुमू लागला आणि घुमता घुमता कड्याकडे सरकू लागला. एक पाऊल, आणखी एक. लोकांच्या घशातून एकच आनंदाची किंकाळी उठली. त्याच्या पायाखालचा मुरूम सुटून दरीत गेला!

शास्त्रीबुवांना पुढे आठवेना की कलश त्यांनी कोठे ठेवला. सोवळ्यातल्या त्या वृद्ध ब्राह्मणाने धाव घेतली आणि घामाने, गुलालाने भिजलेल्या धनगराच्या कंबरेला दोन्ही हातांनी मिठी मारली. दोघेही मागे कोसळले. हजारो माना उंचावल्या. शास्त्र्याने सोवळ्यात धनगराला शिवले!

"थांबवा ती हलगी!" शास्त्रीबुवा बसल्या जागेवरून ओरडले. "संकल्प झालेला नाही! संकल्पावाचून केलेले कर्म भस्मात टाकलेल्या आहुतीसारखे आहे. देवाला काही पोहोचणार नाही!"

सटव्याचा हात थांबला. झांजा थांबल्या. वाऱ्याचा आवाज प्रथमच ऐकू आला.

"मंग सांगा की संकल्प," पाटील म्हणाले. "पानी घ्या, धुळाजी."

"धुळाजीचे मागाहून," शास्त्रीबुवा उभे राहिले. मुकट्यावर गुलालाचे पंजे उमटले होते. वाणी मात्र ओवरीतल्यासारखी स्वच्छ झाली होती. "ऐका सर्वांनी. करणारा, करविणारा आणि अनुमोदन देणारा असे तिघे कर्माचे वाटेकरी असतात. करणारा एक आहे. तो येथे बसला आहे. उरलेले दोघे कोण? संकल्पात त्यांची नावे उच्चारावी लागतील. ज्याला धुळाजीने जावे असे वाटते, त्याने पुढे यावे, तळहातावर पाणी घ्यावे आणि आपले नाव, बापाचे नाव, गाव उच्चारून म्हणावे की धुळाजीला मी पाठवितो. पुण्य असेल तर त्याचा वाटा पदरात पडेल. या!"

त्यांनी कलश उचलून पळी भरली आणि ती गर्दीसमोर धरली.

कोणी हालले नाही.

अमीन नबीखां शांतपणे दोन पावले पुढे आले आणि खाकरले. "हौ, या ना. नावं मला बी ऐकायची हायेत."

पुढच्या रांगेतला एक जण मागच्याच्या पायावर पाय देऊन मागे सरला. "ए, पाय बघ की बे!" "मंग तू जा म्होरं." "म्या कावून? म्या तर परळीकडचा, बघाया आलतो." कोणी हसले. त्या हसण्याने गर्दीला तडे गेले.

"पाटील," शास्त्रीबुवा वळले, "नारळ घेऊन आपण आला होता. प्रथम मान आपला."

भगवानरावांनी डोईचे पागोटे सावरले. "बुवा, ही तर देवाची मर्जी. म्या कोन पाठवनारा?"

"देवाची मर्जी असेल तर देव त्याला नेईल. आपण मांडव का घातलात?"

"आमच्या बैलांचं काय मंग?" मागून एक बाई ओरडली. "रोग परत आला तर?"

"माय, देव म्हणजे काय बाजारातला दलाल, की बैलाच्या बदल्यात माणूस मोजून घेईल? ज्याने बैल केला त्यानेच धुळाजीला केले. आपली वस्तू न्यायला त्याला आपला धक्का लागत नाही."

पाटील चिडले. अवघ्या मुलुखापुढे आपला मांडव रिकामा जाणार, हे त्यांना दिसत होते. ते सटव्याकडे वळले. "तू काय बगतोस? वाजीव बे!"

सटव्याने हलगी छातीशी धरली. तो त्या गावाचा सेवक होता. पाटलाच्या शब्दापुढे त्याने कधी मान वर केली नव्हती. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "मालक, आदी तुमी पानी घ्या. मंग म्या वाजवितो."

त्या एका वाक्याने कडा हादरला. पाटलांचे तोंड लाल झाले, आणि अभिमानाच्या भरात त्यांनी उजवा हात पुढे केला. "ओता! बगतो की!"

शास्त्रीबुवांनी पळीतले पाणी त्यांच्या तळहातावर घातले. "म्हणा. मी भगवानराव..."

"मी भगवानराव..."

"...धुळाजीला..."

पाटलांची नजर अनवधानाने धुळाजीकडे गेली. त्याचे वारे उतरले होते. तो दोन्ही हातांनी गवताचा बुडखा घट्ट धरून बसला होता, जणू जमीनच वाहून जाणार होती. लहानपणी याच धुळाजीने पाटलाला खांद्यावर बसवून जत्रेत फिरविले होते, हे गावात कोणाला ठाऊक नव्हते? पाटलांचा हात कापू लागला. बोटांच्या फटींतून पाणी गळू लागले.

"पाटील," वच्छलाबाईचा आवाज आला, "तुमचा हात कापतोय कावून? थंडी तर न्हाई."

पाणी संपले. शब्द निघाला नाही. भगवानरावांनी ओला हात धोतराला पुसला आणि मांडवाच्या खांबाशी जाऊन तोंड फिरवून उभे राहिले.

मग नरहरशास्त्र्यांनी स्वतःच्या तळहातावर पाणी घेतले. "वेळ मी दिली. शास्त्रात वर्ज्य आहे हे ठाऊक असता दिली, कारण तुम्ही मला विचारावयास आलात याचाच मला आनंद झाला होता. अमीनसाहेब, आपल्याला नाव हवे होते. हे घ्या. मी नरहर, धर्मापुरीचा, दिलेला मुहूर्त परत घेतो." त्यांनी पाणी ताम्हनात सोडले आणि दोन्ही मनगटे जोडून अमिनांपुढे धरली.

अमिनांनी त्या मनगटांकडे पाहिले, मग धुळाजीकडे, मग आकाशाकडे. "मेला कोन, शास्त्रीजी? बुढ्ढा तर गवत उपटायलाय. मेलेला न्हाई तर म्या कलम कुनाच्या गळ्यात घालू?" त्यांनी एका जवानाला खूण केली. "जा रे, तिकडं कड्याच्या काठाला उभा राहा. कुनी पाय घसरून पडू नये."

लोक अजून जागचे हालत नव्हते. जे घडले ते संपले की नाही, हेच त्यांना कळत नव्हते. तेवढ्यात धुळाजी उठला. त्याने एकेक हार काढून खाली ठेवला. शास्त्रीबुवांपुढे येऊन त्याने उजवा तळहात पसरला.

"बुवा, माजं राहिलं की. संकल्प सांगा."

शास्त्रीबुवांनी त्याच्या हातावर पाणी घातले, परंतु ओठ मिटून घेतले. "नाही धुळाजी. या खेपेस मी एकही शब्द सांगणार नाही. तुला जे म्हणावयाचे असेल ते तूच म्हण."

धुळाजीने पाण्याकडे पाहिले. त्याचा हात स्थिर होता. त्याने सूर्याकडे तोंड केले आणि आयुष्यात प्रथमच, वारे नसताना, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात तो बोलला.

"मी धुळाजी, बापाचं नाव खंडू, राहनार कडेवाडी. उपास सुटल्यावर भाकर खाईन, मेंढरं घिऊन रानात जाईन, आन् द्येव नेईल तवा मरीन."

पाणी ताम्हनात पडले.

मग कुठून तरी एक म्हातारी टाळ्या वाजवू लागली, आणि मग अवघा कडा "हर हर महादेव"ने असा गर्जला की खालच्या घारी दरी सोडून वर उडाल्या. रेवड्या उधळल्या गेल्या. कोणी धुळाजीला मिठी मारली, कोणी रडले, आणि काही जण अजूनही रुसून खाली उतरू लागले. त्यांना सोहळा पाहावयास मिळाला नव्हता.

"सटव्या!" वच्छलाबाई ओरडली, "वाजीव की रं आता! पर ती चाल न्हाई!"

सटव्याने लग्नाची चाल धरली. त्या कडकडाटात खाली उतरणाऱ्या गर्दीत धुळाजी बायकोच्या मागे चालत होता, आणि तिच्या ओटीतले नारळ एकेक करून गडगडत होते. शास्त्रीबुवांनी कलश उचलला. सायंकाळच्या पूजेपूर्वी स्नान करावे लागणार होते. सोवळे मोडले होते. ते देवळापर्यंत आले, विहिरीच्या काठाशी थांबले, मुकट्यावरच्या गुलालाच्या पंजांकडे पाहिले आणि तसेच गाभाऱ्यात गेले.